कादंबरीसाठी मदत हवी: सुट्टीत गेलेली ताई आणि वीस वर्षांपूर्वीचा पंचनामा

शर्वरी_नौपाडा

मंडळी, कादंबरी लिहायला घेतलीय. रहस्यकादंबरी म्हणा हवं तर. निम्मी झालीय आणि आता कायदा, पोलीस आणि दवाखाना या तिघांपाशी गाडी अडलीय. इथे सगळ्या खात्यांतली माणसं आहेत म्हणून धागा काढतेय.

कथानक थोडक्यात सांगते. नौपाड्यातलं कुटुंब. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत सुपरवायझर. २००४ चा डिसेंबर, नाताळला लागून आलेला शनिवार-रविवार. आई, बाबा, एकोणीस वर्षांची ताई, नऊ वर्षांची धाकटी आणि बाबांचा कंपनीतला मित्र सपत्नीक, असे सगळे मित्राच्या सुमोतून हरिहरेश्वरला जातात. एका घरगुती ठिकाणी दोन खोल्या घेतलेल्या. शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला सगळे देवळामागचा प्रदक्षिणेचा मार्ग करून येतात, फोटो काढतात. रात्री जेवणं झाल्यावर ताई खोलीत नसते. रविवारी सकाळी सातला खडकांत सापडते. कागदावर 'पाय घसरून, बुडून मृत्यू'. त्यानंतर घरात तिचा फोटो आहे, फोटोला हार आहे, दरवर्षी श्राद्ध होतं, पण त्या रात्रीबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. २०२५ मध्ये धाकटी, आता तिशीची, ते कागद मागवायचं ठरवते.

धाकटीच्या हाती जो पंचनामा येतो तो मी असा लिहिलाय. भाषा बरोबर आहे का तेवढं सांगा:

"...सदर प्रेत हे स्त्री जातीचे, वय अंदाजे १९ वर्षे, खडकाचे कपारीत उताणे स्थितीत असून डोके पश्चिमेस व पाय पूर्वेस आहेत. अंगात फिकट निळ्या रंगाचा पंजाबी ड्रेस. डाव्या पायात चप्पल असून उजव्या पायात नाही. उजव्या हाताची मूठ घट्ट वळलेली असून मुठीत शेवाळ आहे. कानात सोन्याच्या रिंगा. पंचांचे मते मयत ही दि. २५/१२/२००४ रोजी रात्रौ २२.३० वाजेचे सुमारास ओहोटी असताना खडकावर फिरावयास गेली असता पाय घसरून पाण्यात पडून बुडून मयत झाली असावी..."

आणि एक मोठा प्रश्न. कोणी मारलं (किंवा मारलं का) हे मला माहीत आहे. पण शेवटी ते सांगू नये असं वाटतंय. चालेल?

चहाबिस्कीट

बाबांचा मित्र. पहिल्याच पोस्टमध्ये कळलं. पुढचा धागा काढा.

जुनी_वाचक

शेवटी सांगणार नसाल तर आधी सांगून ठेवा, म्हणजे मी घेणारच नाही. साडेतीनशे पानं वाचायची, रात्रीचा दिवस करायचा आणि शेवटी लेखिका म्हणणार की आयुष्यात सगळ्याच प्रश्नांची उत्तरं मिळत नसतात. ते मला माहीत आहे हो. आयुष्यात मिळत नाहीत म्हणूनच तर रहस्यकथा वाचते.

जुनाफौजदार

नमस्कार. मुक्काम ऐरोली. नोकरीतली बरीच वर्षं रायगडातच गेली, त्यामुळे कोरड्या सल्ल्यापेक्षा जरा जास्त सांगू शकेन.

भाषा तुम्ही चांगली पकडली आहे. पण एका शब्दाने तुमचा पंचनामा बनावट ठरेल. पोलीस कधीही 'सोन्याच्या रिंगा' लिहीत नाहीत. 'पिवळ्या धातूच्या' लिहितात. चांदी असेल तर 'पांढऱ्या धातूचे पैंजण'. सोनं आहे की नाही हे सराफ ठरवतो. उद्या ते बेन्टेक्स निघालं तर उत्तर कोण देणार? प्रत्येक दागिन्याची नोंद होते, नग मोजून, आणि नातेवाईकांना परत देताना पावती होते. रहस्य लिहिताय म्हणून सांगतो, दागिन्यांची यादी फुकट घालवू नका. घरून निघताना काय घातलं होतं आणि यादीत काय आहे, हे जुळवणारी बहीणच असते. हवालदाराला काय माहीत?

प्रक्रियेचा क्रम असा ठेवा. गावात प्रेत सापडलं की पहिली वर्दी पोलीस पाटलाकडून येते. ठाणे अंमलदार स्टेशन डायरीला नोंद घेतो. मग अकस्मात मृत्यू रजिस्टरला नंबर पडतो. आम्ही त्याला सरळ ए.डी. म्हणतो. त्या काळी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १९४. मग बीट अंमलदार जागेवर, दोन पंच, मरणोत्तर पंचनामा, प्रेत ग्रामीण रुग्णालयात. चौकशी संपली की अहवाल प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे. हे सगळं होईपर्यंत गुन्हा दाखल झालेला नसतो, हे नीट लक्षात ठेवा.

एक विनंती. तालुक्याच्या पोलिसांना सरसकट नालायक किंवा लाचखाऊ दाखवू नका. एका हवालदाराकडे पंधरा-वीस गावं असतात.

नेरूळची_नेहा

मग ती 'ए समरी' वगैरे काय असते? केस अनसॉल्व्ड राहिली की 'ए समरी' करतात असं ऐकलं होतं.

वकीलीणबाई

नेहा, त्यासाठी आधी गुन्हा दाखल व्हावा लागतो. महाराष्ट्रात तपास संपवताना 'ए' म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, 'बी' म्हणजे तक्रार खोटी, 'सी' म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. तिन्ही समरी कोर्टापुढे जातात आणि कोर्ट त्या मंजूर-नामंजूर करतं. शर्वरीच्या कादंबरीत गुन्हाच नाही. ए.डी. नोंदली, चौकशी झाली, अहवाल प्रांत कार्यालयात गेला, संपलं. म्हणजे 'केस पुन्हा उघडा' हा संवाद तुमच्या नायिकेच्या तोंडी अजिबात घालू नका. उघडायला केसच नाही. तिला पहिल्यांदा गुन्हा दाखल करून घ्यावा लागेल.

त्यात मुदतीची अडचण नाही. खुनाला मुदत नसते. मुदतीची कलमं तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांनाच लागू होतात. घटना २००४ ची म्हणून कलम जुन्या दंडविधानाचं ३०२ च लागेल, पण १ जुलै २०२४ नंतर गुन्हा नोंदला तर तपास नव्या संहितेप्रमाणे. हा मिश्र प्रकार कादंबरीत दाखवला तर वकील वाचक खूश होतील. आम्ही फारसे कादंबऱ्या वाचत नाही हा भाग वेगळा.

आणि कागद मिळवायला २०२५ साल तुम्ही ठरवून निवडलंय का? नसेल तर लॉटरी लागली म्हणा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये खासगी माहिती, तपासात अडथळा अशी नकाराची बरीच कारणं आहेत. पण ८(३) म्हणतं की अर्जाच्या तारखेच्या वीस वर्षं आधी घडलेल्या गोष्टीची माहिती द्यावीच लागेल. देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रं एवढीच काय ती सूट. २६ डिसेंबर २००४ ला वीस वर्षं झाली डिसेंबर २०२४ मध्ये. दहा रुपयांचा अर्ज. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. अर्थात जुनं रेकॉर्ड नष्ट केलं असं उत्तर येऊ शकतं, पण मग कादंबरी तिथेच संपेल.

शर्वरी_नौपाडा

८(३) माहीत नव्हतं! मी साल निवडलं ते धाकटी ताईपेक्षा अकरा वर्षांनी मोठी व्हावी म्हणून. 'पिवळ्या धातूच्या' केलं. फौजदारकाका, धन्यवाद.

कळव्याचा_श्रीवर्धनकर

एक शंका. खऱ्या गावाचं नाव कशाला? आमच्याकडे लोक देवाला येतात, काळभैरवाचं स्थान आहे, सुट्टीत तर पाय ठेवायला जागा नसते. उद्या लोक म्हणतील हेच ते कादंबरीतलं गाव. नाव बदला.

शर्वरी_नौपाडा

छापताना गावाचं नाव काल्पनिकच असणार. देऊळ, डोंगर, मागून उतरणाऱ्या पायऱ्या आणि तो खडकांचा पट्टा मात्र तसाच हवाय, कारण सगळं त्यावरच उभं आहे. इथे खरं नाव दिलं ते माहीतगार लोकांनी चुका काढाव्यात म्हणून.

दिवाळेकर

तुमचा पंचनामा दोनदा वाचला. आम्ही बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातले, म्हणून एक गोष्ट टोचतेय.

भरतीचा हिशेब आमच्याकडे पोरगं पण करतं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला, पुनवेला नि अमावास्येला बाराच्या आसपास. सकाळी एक, रात्री एक. मध्ये सहा तासांनी ओहोटी. पाच-दहा मिनिटं, फार तर अर्धा तास इकडेतिकडे, पण यापेक्षा चुकत नाय.

२६ डिसेंबर २००४ ला मार्गशीर्षातली पौर्णिमा होती, दत्तजयंती. म्हणजे २५ च्या रात्रीला चतुर्दशी धरा. चौदा पाऊणे साडेदहा. रात्री साडेदहाला पाणी पूर्ण भरलेलं. आणि पुनवेच्या जवळची भरती म्हणजे उधाण, वर्षातल्या मोठ्या पाण्यातली. तो प्रदक्षिणेचा खडक त्या वेळी दिसायचा पण नाय. तिथे ओहोटीलाच उतरतात, भरतीत जाऊ नका म्हणून सांगतातच. मग मुलगी 'ओहोटी असताना खडकावर फिरावयास' गेलीच कशी?

घोडबंदरवासी

बाप रे. हे भारी आहे.

शर्वरी_नौपाडा

चला, एकाने तरी पकडलं. मुद्दामच टाकलंय. धाकटीला ते सातव्या प्रकरणात कळतं, जुन्या पंचांगावरून. आईने दर वर्षाचं पंचांग जपून ठेवलेलं असतं, श्राद्धाची तिथी बघायला.

दिवाळेकर

ताई, मग तुम्ही अर्धाच फायदा घेतलाय.

वाक्य आहे 'पंचांचे मते'. पंच कोण? गावातले दोघं. किनाऱ्यावरच्या गावातला माणूस, पोटात दारू असली तरी, चतुर्दशीच्या रात्री साडेदहाला ओहोटी म्हणणार नाय. ते त्याच्या तोंडून निघूच शकत नाय. म्हणजे ते वाक्य पंचांचं नव्हे. कोणीतरी बाहेरच्याने सांगितलं आणि हवालदाराने लिहिलं. आणि तो कोण, तर ज्याने आदल्या संध्याकाळी पाचला तिथे पाणी आटलेलं बघितलं होतं. साडेदहाची भरती म्हणजे साडेचारची ओहोटी. तुम्हीच लिहिलंय की पाचला सगळे फिरून आले. शहरातल्या माणसाला वाटतं समुद्र संध्याकाळी होता तसाच रात्री असतो.

चहाबिस्कीट

मी काय म्हणत होतो?

शर्वरी_नौपाडा

दिवाळेकर, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी फक्त 'कागद खोटा आहे' एवढ्यावर थांबले होते. आता पंचांपैकी एक जण हवाय, हयात असलेला. देवळाबाहेर नारळ विकणारा ठेवते.

जुनाफौजदार

ठेवा. पण त्याला 'मी खोटी सही केली' असं म्हणायला लावू नका. पंच असं म्हणत नाहीत. तो म्हणेल, "साहेबांनी बोलावलं, गेलो. प्रेत बघितलं. कागद झाल्यावर सही केली. वाचून दाखवला होता बहुतेक." 'बहुतेक' ठेवा. हवालदाराचंही दरवेळी वाईट मनातून नसतं. बुडालेल्यांचे पंचनामे लिहून लिहून वाक्यं हातात बसलेली असतात. 'पाय घसरून' हे त्यातलंच. बाकीचं जो पुढे होऊन बोलेल त्याचं.

आणि त्या रविवारी बाकी काय चाललं होतं ते विसरलात का?

शर्वरी_नौपाडा

नाही काका, ते विसरले नाही, तारीख त्यासाठीच तर निवडली. २६ डिसेंबर २००४. त्सुनामी. सकाळी साडेसहाला सुमात्राजवळ भूकंप, नवाच्या सुमाराला तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लाटा. दुपारपासून प्रत्येक टीव्हीवर तेच. सोमवारच्या पेपरात रायगडातल्या एका बुडालेल्या मुलीला कुठली जागा मिळणार? धाकटी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन जुने अंक चाळते, तिला काहीच सापडत नाही. शिवाय वर्षभरात गावात आणि नात्यातही 'त्सुनामीत गेली' अशीच गोष्ट रुजते. बाबा ती खोडत नाहीत. सांगायला सोपी पडते ना.

घोडबंदरवासी

केरळात कोल्लम, आलप्पुळा बाजूला लाटा आल्या होत्या खऱ्या. पण भूकंपच सकाळचा. रात्री साडेदहाचं मरण त्याच्या खात्यावर कसं टाकणार?

जुनी_वाचक

नातेवाईक टाकतात हो. आमच्या चाळीत एका घरातला मुलगा पळून गेला होता तर 'दुबईला नोकरी लागली' म्हणून पेढे वाटले होते.

न्यायवैद्यक

धागा उशिरा पाहिला. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हा विषय शिकवतो, त्यामुळे थोडं रुक्ष लिहितो, चालवून घ्या.

मुठीतलं शेवाळ हा तुमच्या पंचनाम्यातला सर्वांत महत्त्वाचा तपशील आहे आणि तुम्ही तो सहज लिहून गेलात. मरताना घट्ट वळलेली मूठ, त्यात शेवाळ किंवा वाळू, याचा अर्थ ती पाण्यात गेली तेव्हा जिवंत होती. आधी मारून मग पाण्यात टाकली तर असं होत नाही. म्हणजे तुमचा खुनी, असलाच तर, गळा दाबणारा नाही. ढकलणारा आहे, किंवा तिला भरतीत सोडून निघून आलेला. हे तुम्ही ठरवलंय का ते बघा, नाहीतर मूठ उघडी ठेवा.

बुडून मेल्याच्या खुणा म्हणजे तोंडानाकाशी बारीक पांढरा चिकट फेस, फुगलेली फुफ्फुसं. हातापायांची कातडी सुरकुतली हा पुरावा समजू नका, ते प्रेत नुसतं पाण्यात राहिलं तरी होतं. एका रात्रीत सापडली म्हणजे फेस दिसायला हवा. शवविच्छेदन ग्रामीण रुग्णालयात साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर करतो, त्या दिवशी त्याची ओपीडी आणि एखादी बाळंतीणही असते. तो बहुधा लिहील, 'मृत्यूचे कारण राखून ठेवले, व्हिसेरा जतन केला'. व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, मिठाच्या संपृक्त द्रावणात भरून कलिनाच्या प्रयोगशाळेत. काही महिन्यांनी सी.ए. (रासायनिक विश्लेषकाचा) रिपोर्ट येतो, 'विष आढळले नाही'. यावरून बुडून मृत्यू असं कायम होतं. पण विष नाही म्हणजे बुडूनच, हे कुठे सिद्ध झालं?

खरी तपासणी डायटमची. पाण्यात सूक्ष्म शैवाल असतं, सिलिकाच्या कवचाचं. माणूस जिवंतपणी बुडत असेल तर ते श्वासातून रक्तात आणि तिथून हाडांच्या मगजात पोचतं. समुद्राचं आणि गोड्या पाण्याचं डायटम वेगळं असतं. मुलगी समुद्रात बुडाली की त्या घरामागच्या विहिरीत, हे मांडीच्या हाडाच्या तुकड्यावरून सांगता आलं असतं. पण ते हाड कोणी राखायला सांगितलं नसेल तर नाही. आणि आपल्याकडे दहन. परदेशी कथांत वीस वर्षांनी थडगं उकरतात आणि सगळं उलगडतं. तुमच्या धाकटीकडे फक्त कागद आणि म्हातारी होत चाललेली माणसं आहेत.

शर्वरी_नौपाडा

डॉक्टर, मूठ वळलेलीच ठेवते. विहिरीचा विचार केला नव्हता, पण विहीर नको, ते जरा फारच होईल.

नेरूळची_नेहा

मला खरं तर बाबांचा राग येतोय. भरती-ओहोटी, डायटम सगळं ठीक. पण बाप आहे ना तो? एकोणीस वर्षांची मुलगी रात्री साडेदहाला एकटी बाहेर कशी गेली, हे त्याने विचारायला नको? शर्वरीने लिहिलंय की त्या रात्रीबद्दल घरात कोणी बोलत नाही. म्हणजे त्याला कळलं होतं. आणि गप्प बसला. मुलीच्या नावाची बोंब नको, मित्राशी वाकडं नको, कंपनीत तोंड दाखवायचंय.

वकीलीणबाई

नेहा, थोडं थांब. शर्वरी, बाबांनी नक्की काय लिहून दिलंय?

शर्वरी_नौपाडा

जबाब दिलाय. 'आमचा कोणावर संशय नाही, कोणाविरुद्ध तक्रार नाही' असं, खाली सही.

वकीलीणबाई

तपासात पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही घेता येत नाही, जुन्या संहितेचं कलम १६२. प्रत्यक्षात काय होतं ते काकांना विचारा.

जुनाफौजदार

बाईंचं बरोबर आहे. पण सही दोन ठिकाणी असते. एक, खबर देणाऱ्याची खबरीवर. आणि दुसरी प्रेत ताबा पावतीवर. तुम्हाला पाहिजे ते वाक्य तिथे टाका. 'आज रोजी अंत्यविधीकरिता प्रेत ताब्यात मिळाले. आमचा कोणावर संशय नाही.' कित्येक पावत्यांत ते ओघानेच येतं.

आता त्या रविवारी दुपारी त्या माणसाच्या जागी उभे राहा. सकाळी सातला मुलगी सापडली. पंचनामा होईतो दहा. रुग्णालयात पोचेतो बारा. डॉक्टर दुसरीकडून यायचाय. आणि त्या काळी सूर्यास्तानंतर शवविच्छेदन होत नसे. रात्री करायला केंद्राने परवानगी दिली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये, आणि तीही संशयास्पद मृत्यू वगळून. डिसेंबरात सहा वाजून गेले की अंधार. तोवर झालं नाही तर प्रेत रात्रभर तिथेच. शीतगृह नाही. बायको बेशुद्ध पडतेय, नऊ वर्षांची मुलगी ओसरीवर बसलीय. कोणीतरी येऊन म्हणतं, एवढी सही करा, मग घेऊन जा. तो कागद वाचेल का? मी माणसं बघितली आहेत. कोऱ्या कागदावर सही करतील अशी अवस्था असते.

मी त्याची बाजू घेत नाही. सोमवारी, मंगळवारी, पुढच्या महिन्यात तो परत येऊ शकला असता. पण रविवारच्या सहीबद्दल त्याला धरू नका.

नेरूळची_नेहा

ठीक आहे. मग महिन्याभरानंतरच्या गप्प बसण्याबद्दल धरते.

घोडबंदरवासी

+१

शर्वरी_नौपाडा

काका, ताबा पावती घेतली. हे प्रकरण पुन्हा लिहावं लागणार, पण आनंदाने लिहीन. धाकटी तीस वर्षं बाबांवर जो आरोप मनात धरून आहे, तो अर्धा चुकीचा आणि अर्धा बरोबर, असं करता येईल.

जुनी_वाचक

तीस नाही, वीस. आणि शेवट?

वकीलीणबाई

शेवटाचं मी माझ्या बाजूने सांगते. धाकटी पोलीस ठाण्यात गेली तर काय होईल? दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली की एफआयआर घ्यावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलंय. पण त्याच निकालात म्हटलंय की तीन महिन्यांहून जास्त विलंब असेल आणि त्याचं समाधानकारक कारण नसेल तर आधी प्राथमिक चौकशी करता येते. इथे तर वीस वर्षं. अधिकारी सांगेल, अर्ज देऊन ठेवा. तिथून पोलीस अधीक्षकांकडे लेखी, तिथेही काही झालं नाही तर प्रतिज्ञापत्रासह मॅजिस्ट्रेटकडे, नव्या संहितेचं १७५(३). तो आदेश देईल किंवा देणार नाही. तुमची कादंबरी मॅजिस्ट्रेटच्या आदेशापाशी संपवा, खुनी न सांगता. तेवढं प्रामाणिक वाटेल.

जुनी_वाचक

प्रामाणिक वाटून मला काय मिळणार? नाव सांगा.

चहाबिस्कीट

नाव तर मी सांगितलंय.

दिवाळेकर

नाव सांगितलं नाय तरी चालेल असं मला वाटतं, पण वाचणाऱ्याला हिशेब करता आला पाहिजे. भरतीची वेळ, पाचचं फिरणं, पंचाचं वाक्य, हे सगळं पानांवर असू द्या. ज्याला करायचा तो करेल.

जुनी_वाचक

हं. हे चालण्यासारखं आहे. पण शब्द द्या की सगळं पानांवर असेल. शेवटच्या पानावर अचानक जुळा भाऊ नको.

शर्वरी_नौपाडा

दिला शब्द. जुळा भाऊ नाही. :)

जुनाफौजदार

एक राहिलं. प्रेत ठाण्याला कशातून आणलं? तालुक्याला शववाहिका मिळेलच असं नाही, रविवारी तर नाहीच. पावतीवर वाहनाचा नंबरही येऊ शकतो.

शर्वरी_नौपाडा

सुमोतूनच. मित्रच चालवत होता. माणगावपर्यंत अंधार झाला, पुढे वडखळ-पेणला ट्रॅफिक, जवाहरबागेत पोचले तेव्हा मध्यरात्र उलटली होती. आई-बाबा मागे ताईजवळ. धाकटी पुढच्या सीटवर, मित्राच्या शेजारी. हे प्रकरण आधीच लिहून झालंय.

जुनाफौजदार

मग तिचा जबाब?

शर्वरी_नौपाडा

कोणाचा?

जुनाफौजदार

धाकटीचा. ती त्याच खोलीत झोपली होती ना ताईबरोबर? सहा तास त्याच्या शेजारी बसून आली. तिला कोणीच विचारलं नाही?

वकीलीणबाई

साक्षीला वयाची अट नसते. प्रश्न समजत असतील आणि नीट उत्तर देता येत असेल तर लहान मूलही साक्षीदार होतं, पुरावा कायद्याचं ११८, आता साक्ष्य अधिनियमात १२४. नऊ वर्षांच्या मुलीचा जबाब घेता आला असता.

शर्वरी_नौपाडा

नाही, कोणी विचारलं नाही. घरातही नाही. आज ती स्वतः बोलली तर चालेल?

वकीलीणबाई

तपास सुरू झाला तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० खाली तिचा जबाब घेतीलच. पण बचावपक्षाचा वकील पहिला प्रश्न विचारेल तो ठरलेला आहे. इतकी वर्षं गप्प का होतात?

जुनाफौजदार

त्याचं उत्तर आधी लिहा. बाकीचं आपोआप जागेवर बसेल.

शर्वरी_नौपाडा

उत्तर माझ्याकडे आहे, आतापर्यंत चुकीच्या माणसाच्या तोंडी घातलं होतं. दहावं प्रकरण झालं की त्यातला उतारा इथेच टाकते. फौजदारकाका आणि वकीलीणबाई, तुम्ही दोघांनी आधी तपासा, मग जुनी_वाचक.

जुनी_वाचक

मी शेवटी का?